हिवाळ्यात भरणारं गाव, हिवाळ्यात ओस पडणारं गाव

गोंदिया जिल्ह्यात समुद्र नाही. महाराष्ट्राच्या पार पूर्व टोकाला, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला लागून असलेल्या या मुलखात पाणी आहे ते वैनगंगेचं आणि तलावांचं. तरीही समुद्रकाठच्या एखाद्या छोट्या, उबदार गावात अख्खा हिवाळा काढण्याच्या रिवाजाचा इतिहास लिहायला बसलं, तर गोंदियातून एक गोष्ट दिसते, जी किनाऱ्यावरून सहसा दिसत नाही.

ऑक्टोबर सरता सरता थंड देशांतली माणसं गोव्यात हणजूण, हरमल, मोरजीला उतरायला लागतात. त्याच दिवसांत गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका वस्तीतली माणसं, तीही मुळात थंड देशातलीच, बोचकी बांधून घराबाहेर पडतात. पहिली ऊन शोधत येतात. दुसरी थंडीच्या मागावर जातात, कारण थंडी पडली तरच त्यांचा माल खपतो. वस्तीचं नाव नोर्गेलिंग. ती तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. ज्या महिन्यांत हणजूण भरतं, त्याच महिन्यांत नोर्गेलिंग ओस पडतं.

या दोन्ही गोष्टींची सुरुवात जवळपास एकाच काळातली. एकीवर पुस्तकं निघाली, माहितीपट झाले, संगीताचा एक प्रकारच तिच्या नावानं ओळखला जाऊ लागला. दुसरी शेजारच्या तालुक्यातही फार कुणाला ठाऊक नसते. त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की ‘हिवाळी मुक्काम’ या शब्दाचा अर्थ थोडा बदलतो.

हिवाळा ‘काढणं’ आलं कुठून

आपल्याकडे हिवाळा हा कधी टाळायचा ऋतू नव्हता. झाडीपट्टीत तर तो वर्षातला सगळ्यांत भरलेला काळ. धान कापून होतं, चुरणं सुरू होतं, बांधीतल्या ओलीवर लाखोरी उगवून आलेली असते. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, लेकी माहेरी येतात, आणि झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत चालतो. लोक हिवाळ्यात गावाकडे येतात.

इंग्रज साहेबांचं वेळापत्रकही याला धरूनच होतं. मध्य प्रांतातले अधिकारी उन्हाळ्यात पचमढीला चढायचे आणि थंडीत तंबू घेऊन जिल्ह्याच्या दौऱ्यावर निघायचे. टाळायचा होता तो उन्हाळा.

थंडी चुकवण्यासाठी दुसऱ्या देशात जाऊन तीन-चार महिने राहायचं, ही चाल युरोपातली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात सुखवस्तू इंग्रज कुटुंबं भूमध्य समुद्राकाठच्या नीस शहरात हिवाळा घालवायला जात. तिथला समुद्रालगतचा प्रसिद्ध रस्ता आजही ‘इंग्रजांचा फिरण्याचा रस्ता’ अशाच अर्थाच्या फ्रेंच नावानं ओळखला जातो. जाणाऱ्यांत क्षयाचे रोगी पुष्कळ असत. १८८२मध्ये रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू शोधून काढला तरी औषध सापडायला अजून सहा दशकं होती, तोवर कोरडी, उबदार हवा हाच उपाय. म्हणजे हिवाळी मुक्काम मुळात श्रीमंतांचा आणि आजाऱ्यांचा. पुढे तो निवृत्तांचा झाला, आणि १९६०च्या दशकात, पहिल्यांदाच, जवळ फारसे पैसे नसलेल्या धडधाकट तरुणांचा. त्या तरुणांनी जी ठिकाणं निवडली त्यात गोवा होता.

रापणीच्या किनाऱ्यावर

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतर काही वर्षांतच कळंगुट आणि हणजूणच्या किनाऱ्यांवर गोरी पोरं दिसायला लागली. इस्तंबूल, तेहरान, हेरात, काबूल, पेशावर, लाहोर असा रस्त्यानं प्रवास करत ती दिल्लीला पोचत आणि तिथून मुंबईमार्गे खाली उतरत. मुंबई-पणजी बोटीच्या डेकवर पथारी टाकली की काम भागे. उन्हाळ्यात हीच मंडळी काठमांडू किंवा मनालीला असत. हिवाळा गोव्यात, उन्हाळा डोंगरात, हे चक्र त्यांनी बसवून घेतलं होतं. मध्य प्रांताच्या साहेबांचीच वाट, फक्त खिसा रिकामा.

या लोकांत एक माणूस वयानं मोठा होता. यर्टवर्ड मझमानियन, आर्मेनियन वंशाचा अमेरिकन, जन्म १९२४चा. एका हाताला तीनच बोटं, म्हणून ‘एट फिंगर एडी’. हणजूणमध्ये त्यानं भाड्यानं घेतलेलं घर नव्या येणाऱ्यांचा पहिला थांबा बनलं, तिथं पेज-सूप मिळायचं. हणजूणच्या बुधवारच्या बाजाराची कल्पनाही त्याच्याच नावावर सांगितली जाते. परतीचे पैसे संपलेले लोक तिथं आपली घड्याळं, कॅमेरे, जीन्स विकत किंवा अदलाबदल करत. २०१०मध्ये तो गोव्यातच वारला.

हे गाव त्यांना मिळालं कसं, हा प्रश्न मात्र हिप्पींच्या आठवणींत क्वचित येतो. घरं रिकामी होती, म्हणून मिळालं. बार्देशातल्या या गावांतले पुरुष कित्येक पिढ्या बाहेर होते: कुणी बोटीवर खलाशी, कुणी पूर्व आफ्रिकेत कारकून, कुणी मुंबईत स्वयंपाकी किंवा वाजंत्री. मुंबईत धोबी तलावच्या आसपास गावागावाच्या ‘कुडी’ होत्या. दोन बोटींमधल्या काळात खलाशी तिथं अंग टाकायचा. पुढे आखाताचं दार उघडलं. गावात उरायच्या त्या बायका, म्हातारी माणसं आणि मोठाली कौलारू घरं. घराची एक खोली महिन्याच्या बोलीवर द्यायची, विहिरीचं पाणी द्यायचं, वाटलं तर मासळीची कढी आणि पाव. परदेशात गेलेल्या गोवेकराच्या घरात परदेशातून आलेला माणूस राहू लागला.

किनारा मासेमारांचा होता. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांब जाळं. ते ओढायला गावचे पन्नासेक हात लागतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे सगळ्यांत होतात. १९७०च्या दशकात यांत्रिक ट्रॉलर आले, किनाऱ्याजवळची मासळी खरवडून नेऊ लागले आणि रापणकार रस्त्यावर उतरले. मातान्ही साल्ढाणा यांच्यासारखे कार्यकर्ते त्या लढ्यातून पुढे आले. १९८०मध्ये सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. हीच ती वर्षं, ज्यांना हिप्पींच्या आठवणींत ‘सोन्याचा काळ’ म्हणतात. एकाच वाळूवर दोन गोष्टी घडत होत्या: एका बाजूला घड्याळ विकून टाकण्याचा आनंद, दुसऱ्या बाजूला जाळं रिकामं येण्याची धास्ती. आणि दुसरीमुळेच पहिलीला जागा मिळत गेली. समुद्र कमी देऊ लागला तसं घरातली आणखी एक खोली भाड्याला लागली.

चार महिने आणि आठ महिने

१९७९मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि रस्त्यानं येण्याची वाट बंद झाली. १९८५मध्ये भारतात अंमली पदार्थांविरोधी कडक कायदा आला. पण मुक्काम संपला नाही. तो विमानात बसला. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोपातून थेट दाबोळीला चार्टर विमानं यायला लागली. ‘जागृत गोंयकारांची फौज’ या संघटनेनं त्याला विरोध केला, निदर्शनं केली, काही पर्यटकांच्या अंगावर शेणही उडालं. त्यांचा आक्षेप साधा होता: पाणी, जमीन आणि किनारा यांच्यावर पहिला हक्क कुणाचा? १९९१च्या किनारा नियमन अधिसूचनेनं भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या पट्ट्यातल्या बांधकामावर बंधनं घातली, तरी तो प्रश्न सुटला असं कुणी म्हणणार नाही. त्यानंतर रशियन आले, मोरजीतल्या दुकानांवर रशियन पाट्या लागल्या. १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि देशातलेच पर्यटक परदेशी पाहुण्यांपेक्षा कितीतरी जास्त झाले.

या सगळ्या बदलांत एक गोष्ट टिकली, ती म्हणजे ऋतूचं गणित. शॅक पावसाळ्यानंतर उभा राहतो आणि पुढच्या पावसाळ्याआधी उतरवला जातो. त्याचा परवाना हंगामाचा असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कमाईत वर्ष बसवावं लागतं. पाहुण्याला गाव दिसतं ते भरलेलं, सजलेलं, सगळ्यांना वेळ असलेलं. जून-जुलैत त्याच गावात शॅकचे वासे झावळ्यांखाली रचून ठेवलेले असतात, शॅकमध्ये राबायला आलेली पोरं आपापल्या गावी गेलेली असतात, भाड्याच्या खोल्यांना बुरशी चढते. लांब मुक्काम केलेला माणूस ‘मी गोव्यात दहा वर्षं राहिलो’ म्हणतो तेव्हा त्याचे दहा हिवाळे झालेले असतात. एखाद्या वर्षाचा पावसाळा त्याच्या खात्यावर नसतो.

या मुक्कामाचा आधार किती पातळ आहे हे मार्च २०२०मध्ये कळलं. टाळेबंदी लागली तेव्हा हजारो परदेशी गोव्यात अडकले. त्यांच्या देशांनी खास विमानं पाठवून त्यांना नेलं. पर्यटन व्हिसा थांबले आणि पुढचा अख्खा हिवाळा किनारा परदेशी पाहुण्यांविना गेला. अडकलेल्यांसाठी विमान आलं, हे महत्त्वाचं. कुठल्यातरी देशाला त्यांना परत न्यायचं होतं.

उन्हात पोचलेली थंड देशाची माणसं

आता दुसरी गोष्ट. मार्च १९५९मध्ये दलाई लामा ल्हासाहून निघाले आणि महिनाअखेर भारताच्या हद्दीत आले. त्यांच्यामागे हजारो तिबेटी आले. आसामात मिसामारीला, उत्तर बंगालात बक्सा इथं छावण्या उघडल्या. चार हजार मीटर उंचीवर वाढलेली माणसं सखल प्रदेशातल्या दमट उन्हात आली. अंगावर लोकरीचे चुबे, पोटात न पचणारं अन्न. आजारपणं आणि मृत्यू पुष्कळ झाले. कितीतरी जण हिमाचल आणि सिक्कीममध्ये डोंगरातले रस्ते बांधायच्या कामाला लागले.

परत जाणं लवकर होणार नाही हे कळू लागलं तशी शेतीच्या कायम वसाहतींची योजना आली. म्हैसूर राज्यात बैलकुप्पे इथं पहिली मोठी वसाहत वसली. पुढे मुंडगोड, ओडिशात चंद्रगिरी, आजच्या छत्तीसगडमध्ये मैनपाट. महाराष्ट्राच्या वाट्याची वसाहत बरीच उशिरा, १९७२मध्ये, तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात गोठणगाव-प्रतापगडच्या जंगलपट्ट्यात वसली. १ मे १९९९ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि वसाहत गोंदियात आली. तिबेटी लोक मात्र अजून तिला ‘भंडारा’ म्हणूनच ओळखतात. नोर म्हणजे धन, लिंग म्हणजे ठिकाण. नावात तरी समृद्धीची आशा आहे.

या भागाचा मे महिना ज्यानं काढलाय त्यालाच कळेल की ही जागा ल्हासाच्या माणसाला काय वाटली असेल. पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. आजूबाजूला गोंड, कोहळी, ढिवर यांची जुनी गावं. कोहळ्यांनी बांधलेल्या तलावांवर इथली धानशेती उभी. नवेगावबांधचा मोठा तलाव त्यांच्याच कोलू पाटलाच्या नावानं सांगितला जातो. वसाहतीला जमीन मिळाली, पण पावसाच्या भरवशावरच्या शेतीत कुटुंबाचं वर्ष निघत नाही. हे शेजारच्या शेतकऱ्यालाही लागू होतंच. तो धान निघाल्यावर नागपूरला मजुरीला जातो. तिबेट्यांनी दुसरा मार्ग काढला: स्वेटर.

भारतातल्या बहुतेक तिबेटी वसाहतींचा हा धंदा आहे. सुरुवातीला हातानं विणलेले, पुढे लुधियानाच्या गिरण्यांतले. लुधियानाचे घाऊक व्यापारी माल उधारीवर देतात, हंगाम संपला की हिशेब. ही उधारी पिढ्यान्‌पिढ्यांच्या विश्वासावर चालत आली आहे. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत कमावती माणसं शहरांत जातात, मैदानावर किंवा फुटपाथलगत ओळीनं दुकानं थाटतात. नागपूरकरांना हिवाळ्यातला तिबेटी स्वेटरांचा बाजार ठाऊक असतो. घेणाऱ्याला वाटतं, हिमालयातून माणसं खाली आलीत. त्यातला एखादा दुकानदार नागपूरच्या पूर्वेला, धानाच्या बांध्यांमध्ये जन्मलेला असू शकतो, ज्यानं बर्फ कधी पाहिलेलंही नसेल. गावाकडे त्या दिवसांत म्हातारी माणसं, भिक्षू आणि कुलपं उरतात.

धंद्याचं सगळं भवितव्य थंडीवर. हिवाळा उशिरा आला किंवा कोमट गेला की माल पडून राहतो आणि लुधियानाचं देणं तसंच राहतं. गोव्याच्या पाहुण्याला थंडी नको म्हणून तो घर सोडतो. नोर्गेलिंगच्या माणसाचं घर थंडीच्या भरवशावर चालतं.

कागद

दोन्हींमधला खरा फरक हवामानात नाही, कागदात आहे.

गोव्याला येणाऱ्याच्या खिशात पासपोर्ट असतो. पर्यटन व्हिसावर एका वेळी फार तर १८० दिवस राहता येतं. हा नियम त्याला जाचक वाटतो. पूर्वी लोक सीमेबाहेर जाऊन नवा व्हिसा घेऊन परत येत. पण त्या नियमामागे एक गृहीत आहे: हा माणूस परत जाऊ शकतो. मुक्काम ‘लांब’ म्हणता येतो, कारण त्याला शेवट आहे.

तिबेटी निर्वासिताकडे नोंदणी प्रमाणपत्र असतं. परकीय नागरिक म्हणून केलेली ही नोंद ठरावीक मुदतीनं नव्यानं करून घ्यावी लागते. परदेशी जायचं तर पासपोर्टऐवजी ओळख प्रमाणपत्र. इथं जन्मलेल्यांच्या हातीही बहुतेक वेळा हाच कागद. कायद्यानं २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानं भारतीय नागरिक ठरते, पण तिबेट्यांना ते लागू आहे हे ठरायला २२ डिसेंबर २०१०चा दिल्ली उच्च न्यायालयाचा नामग्याल डोलकर खटल्याचा निकाल यावा लागला. २०१४मध्ये केंद्रानं तिबेटी पुनर्वसन धोरण आणलं. त्यात वसाहतींच्या जमिनींचे भाडेपट्टे आणि सरकारी योजनांचा लाभ यांची तरतूद होती. २०१७मध्ये मात्र नागरिक म्हणून पासपोर्ट मागणाऱ्यांसमोर अटी आल्या: निर्वासिताचे कागद परत करा, वसाहतीत राहू नका, तिथल्या सवलती सोडा.

या अटीचा अर्थ नोर्गेलिंगमधल्या पन्नाशीच्या माणसासाठी काय होतो? १९७२नंतर इथं जन्मलेला, वऱ्हाडी-झाडी वळणाची मराठी बोलणारा, नागपुरात पंचवीस हिवाळे दुकान लावलेला माणूस. कायद्यानं तो नागरिक आहे. पण ते हक्कानं मागितलं तर ज्या गावात वाढला ते गाव सोडायची तयारी ठेवायची. नाही मागितलं तर गाव राहतं, पण आयुष्यभर पाहुणा. बापानं घर सोडलं ते नाइलाजानं. मुलापुढे घर सोडण्याचा प्रश्न अर्जाच्या रूपात आला.

इथं हिवाळी मुक्कामाच्या कल्पनेची दुसरी बाजू उघडी पडते. आपण पाहुणा कुणाला म्हणतो? हणजूणमध्ये चाळीस हिवाळे काढलेला युरोपीय ‘जुना गोवेकर’ म्हणून मिरवतो, आणि गावही त्याला कौतुकानं तसं म्हणतं. तो बाहेरचा आहे हे त्याच्याच सोयीचं आहे. पन्नास पावसाळे आणि पन्नास मे महिने गोंदियात काढलेला तिबेटी मात्र जिल्ह्याच्या पर्यटनपत्रकात ‘बघण्यासारखं ठिकाण’ होतो: मठ, पताका, मोमो. एकाला ऋतूनं राहूनही आपलेपणा मिळतो, दुसऱ्याला वर्षभर राहूनही तो मिळवावा लागतो. मुक्काम किती लांब होता यावरून हे ठरत नाही. मागे दार उघडं असलेल्या माणसाला आपण पटकन जवळ करतो. ज्याला जायला जागा नाही त्याच्याशी जरा अंतर ठेवून वागतो, कारण तो राहणार आहे.

गोव्याच्या यजमानांनाही ही गोष्ट दुसऱ्या टोकाकडून ठाऊक आहे. पूर्व आफ्रिकेतून, आखातातून परतलेल्या पिढ्यांनी ‘कामापुरता माणूस’ होणं अनुभवलेलं आहे. बार्देशातल्या ज्या घरांत हिप्पी राहिले ती रिकामी राहण्याचं कारण तेच होतं.

तिबेटी नववर्ष, लोसार, फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं. तोवर स्वेटरवाले घरी पोचलेले असतात. नोर्गेलिंगच्या शेजारी प्रतापगड आहे. तिथं महादेवाचं स्थान आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनींचा दर्गाही. महाशिवरात्रीला तिथं मोठी यात्रा भरते. दोन्ही सणांचा संबंध अमावास्येशी असल्यामुळे पुष्कळ वर्षी ते एका आठवड्यात येतात. २०२५मध्ये महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती, लोसार २८ला. १ मार्चला गोव्यात कार्निव्हल सुरू झाला. त्यानंतर किनाऱ्यावरचे लांब मुक्कामाचे पाहुणे सामान आवरायला लागतात, उकाडा वाढतो, विमानं भरून परत जातात. नोर्गेलिंगमध्ये त्याच सुमारास कुलपं उघडलेली असतात, पताका नव्या लागलेल्या असतात, लुधियानाचा हिशेब चुकता झालेला किंवा पुढच्या हिवाळ्यावर ढकललेला असतो. मग मे येतो, आणि तो काढायला हीच माणसं इथं असतात.